एकच कुपी, दोन दंड

जुलै २०२१. इंग्लंडमधल्या हल शहरातलं एक जोडपं माल्टाला जायला म्हणून मँचेस्टरच्या विमानतळावर पोचलं. दोघांचे कोविडच्या लसीचे दोन्ही डोस झालेले होते आणि सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपमध्ये तशी नोंदही होती. तरी त्यांना विमानात चढू दिलं नाही. नडला तो बॅच नंबर. ब्रिटनमध्ये वापरल्या गेलेल्या ४१२०झेड००१, ००२ आणि ००३ या क्रमांकांच्या बॅच पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाल्या होत्या. माल्टाच्या नियमात युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेली व्हॅक्सझेव्हरिया, म्हणजे ॲस्ट्राझेनेकाची लस, बसत होती. तीच लस पुण्यात बनली की कोविशील्ड होई, आणि ती मात्र बसत नव्हती.

ब्रिटनमध्ये यावरून बराच गहजब झाला. आपल्या औषध नियामकाने मान्य केलेली लस प्रवासासाठी कुणी नाकारण्याचं कारणच दिसत नाही, असं पंतप्रधान बोरिस जॉन्सन त्याच महिन्यात म्हणाले होते. शिष्टाई झाली, आणि काही दिवसांतच माल्टाने नियम बदलला.

आता दोन महिने पुढे या. १७ सप्टेंबरला ब्रिटनने ४ ऑक्टोबरपासून लागू होणारी प्रवासाची नवी नियमावली जाहीर केली. तिच्यानुसार पुण्याची कुपी हलच्या माणसाच्या दंडात रिकामी झाली असेल तर तो ‘पूर्ण लसीकृत’. तीच कुपी हडपसरच्या माणसाच्या दंडात रिकामी झाली असेल तर त्याने लस घेतलेलीच नाही. त्याने दहा दिवस घरात बसायचं.

‘वंशवाद’ आणि ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांत हे प्रकरण तेव्हा निकालात निघालं. जयराम रमेश यांना त्यात वंशवादाचा वास आला. शशी थरूर यांनी केंब्रिज युनियनमधल्या वादविवादातून निषेध म्हणून अंग काढून घेतलं. ब्रिटिश उच्चायुक्त ॲलेक्स एलिस सांगत राहिले की प्रश्न कोविशील्डचा नाही, प्रमाणपत्राचा आहे. भारतात ही पळवाट वाटली. माझं मत वेगळं आहे. एलिस यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त बोचणारं होतं. औषधावर विश्वास आहे, ते दिल्याचं सांगणाऱ्यावर नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

लस कोणती, अडचण कुठली

कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांची लस, परवान्याखाली पुण्यात बनवलेली. भारतात तिला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. १५ फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या आपत्कालीन यादीत घेतली. दक्षिण कोरियात बनणारी ॲस्ट्राझेनेका आणि पुण्यात बनणारी ॲस्ट्राझेनेका, दोघींना एकाच दिवशी. ब्रिटनने स्वतः मागवलेल्या डोसांपैकी ५० लाख डोस पुण्याहून गेले. म्हणजे लसीच्या गुणाबद्दल लंडनला शंका असायचं कारण नव्हतं.

मग भारतातल्या प्रवाशाची परीक्षा नेमकी कुठे होत होती? हे समजायला २०२१ चा उन्हाळा आठवावा लागतो.

२३ एप्रिलला ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे प्राणवायूसाठी धावाधाव चालू होती, त्यामुळे या निर्णयाला नावं ठेवायला जागा नव्हती. लाल यादी म्हणजे दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात, स्वतःच्या खर्चाने. एका माणसाचे १,७५० पाउंड. पाउंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे अभ्यासाला सुरुवात व्हायच्या आधीच पावणेदोन लाख. ८ ऑगस्टला भारत लालमधून पिवळ्या यादीत आला आणि हॉटेल सुटलं. लाल यादीत असलेल्या देशाची लस मान्य की अमान्य याला फारसा अर्थ नसतो, कारण लस घेतलेला आणि न घेतलेला दोघंही त्याच हॉटेलात जातात. भारत लालमधून सुटला तेव्हा प्रमाणपत्राचा प्रश्न उघडा पडला.

सप्टेंबरमध्ये परदेशी विद्यापीठं सुरू होणार होती, आणि इथे मुलांना लस मिळायची मारामार. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली खरी, पण दोन आठवडेही झाले नाहीत तोच साठा नाही म्हणून महाराष्ट्राने या वयोगटाचं लसीकरण थांबवलं. त्याच सुमारास, १३ मे रोजी, कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. हिशेब करून पाहा. १ जूनला पहिला डोस घेतला तर ८४ दिवस भरतात २४ ऑगस्टला. त्यावर ब्रिटनची १४ दिवसांची अट. म्हणजे ७ सप्टेंबरच्या आधी तो विद्यार्थी कुणाच्याही लेखी ‘पूर्ण लसीकृत’ नाही. मुंबई महापालिकेने ३१ मेपासून तीन दिवस कस्तुरबा, राजावाडी आणि कूपर या रुग्णालयांत परदेशी शिकायला जाणाऱ्यांना नोंदणीशिवाय लस द्यायची सोय केली, तेव्हा प्रवेशपत्रांच्या फायली घेऊन मुलं आणि त्यांचे आईबाप रांगा लावून उभे होते. ७ जूनला केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतरच दुसरा डोस घ्यायची मुभा दिली. ही मुभा ३१ ऑगस्टपर्यंत होती. त्याच पत्रकात म्हटलं होतं की प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक असावा.

मला या सगळ्यात रस आहे तो त्या शेवटच्या वाक्यात. तोवर कोविन या सरकारी लसीकरण पोर्टलचं प्रमाणपत्र हा देशांतर्गत कागद होता. पुढे मॉलमध्ये जायला, लोकलचा पास काढायला तो लागला, पण तेही देशातल्या देशातच. तो परदेशातल्या अधिकाऱ्याच्या हातात पडणार आहे, हा विचार त्या वाक्यात पहिल्यांदा दिसतो.

वय वर्षं किती?

कोविनचं प्रमाणपत्र तांत्रिकदृष्ट्या मागास नव्हतं, उलट बऱ्यापैकी पुढारलेलं होतं. ते डिव्होक नावाच्या मुक्तस्रोत प्रणालीवर बनायचं, त्यावर डिजिटल सही असायची, क्यूआर कोड स्कॅन केला की खरं-खोटं कळायचं. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे प्रमुख आर. एस. शर्मा हेच ठामपणे सांगत होते. ते बरोबर होते. पण सही खरी असणं आणि मजकूर पुरेसा असणं या दोन गोष्टी आहेत. ब्रिटनला प्रमाणपत्रावर पाच गोष्टी हव्या होत्या: नाव-आडनाव, जन्मतारीख, लसीचं नाव आणि उत्पादक, प्रत्येक डोसची तारीख, आणि देश किंवा प्रमाणपत्र देणारी संस्था.

कोविनवर जन्मतारीख नव्हती. वय होतं.

याचं कारण साधं आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला ते समजावून सांगायला नको. कोविनवर नोंदणी करताना फक्त जन्मसाल विचारत. आजही कित्येक आधार कार्डांवर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल असतं. आणि आपल्याकडे ज्यांची पूर्ण तारीख आहे तीही कशी आहे? महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत कर्मचाऱ्यांची यादी काढा, १ जूनला जन्मलेल्यांची फौज निघेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी मुलाकडे बघितलं, सहा वर्षांचा दिसतोय म्हणाले आणि १ जून टाकला. एकशेतीस कोटींना लस द्यायची असताना, ज्याला स्वतःची तारीख ठाऊक नाही त्याला रांगेतून परत पाठवायचं नाही, म्हणून साल विचारणं हा शहाणपणाचा निर्णय होता. कोविन लस देण्यासाठी बनलं होतं, सीमा ओलांडण्यासाठी नाही.

मात्र हीथ्रोवरच्या अधिकाऱ्याच्या बाजूनेही बघू. त्याच्या हातात पासपोर्ट आणि प्रमाणपत्र आहे. दोन्हीवरचं नाव ‘संजय पाटील’. वय ३४. अशी किती माणसं असतील? पूर्ण तारीख हीच दोन कागदांना बांधणारी गाठ. त्यात आपली नावांची तऱ्हा. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आधारवर आडनाव आधी. लग्न झालेल्या बाईच्या एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. कोविनवर पासपोर्ट जोडायची सोय जूनमध्ये आली, पण दुरुस्ती एकदाच करता यायची. घाईघाईत चूक झाली की पुढे खटपट.

तर जन्मतारीख मागणं हास्यास्पद नव्हतं. हास्यास्पद होती ती विसंगती. त्याच ब्रिटनला प्रवासाआधीच्या कोविड चाचणीच्या अहवालावर ‘जन्मतारीख किंवा वय’ चालत होतं. म्हणजे हडपसरच्या प्रयोगशाळेने ‘निगेटिव्ह, वय २३’ लिहिलं तर ते खरं मानायचं. भारत सरकारने ‘दोन डोस, वय २३’ लिहिलं तर तारीख आणा म्हणायचं.

दुसरी विसंगती याहून मोठी. १७ सप्टेंबरच्या यादीत ऑस्ट्रेलिया, जपान, इस्रायल, सिंगापूर यांच्यासोबत बार्बाडोस, अँटिग्वा आणि डॉमिनिका होते. या देशांच्या ‘संबंधित सार्वजनिक आरोग्य संस्थां’नी दिलेली प्रमाणपत्रं ग्राह्य. कॅरिबियन बेटं पुण्याहून आलेली कोविशील्डही टोचत होती. भारताने ‘लसमैत्री’खाली बार्बाडोस आणि डॉमिनिकाला तिचे डोस पाठवले होते. तिथे चालतं आणि इथे चालत नाही, तेव्हा वंशवादाचा आरोप कुणी केला तर त्याला काय उत्तर देणार? (अर्थात डॉमिनिकाही गोऱ्यांचा देश नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. छोट्या देशाचा कागद तपासणं सोपं असतं आणि तिथून येणारे प्रवासी मोजके असतात. मला हा जास्त संभाव्य खुलासा वाटतो, पण तो सन्मानाचा खुलासा नव्हे.)

२२ सप्टेंबरला ब्रिटनने मसुदा सुधारला. ॲस्ट्राझेनेका कोविशील्ड, ॲस्ट्राझेनेका व्हॅक्सझेव्हरिया आणि मॉडर्ना ताकेदा हे प्रकार मान्य लसींत धरले जातील, असं वाक्य आलं. आपल्याकडच्या वाहिन्यांनी ‘ब्रिटन झुकलं’ म्हणून ठोकून दिलं. प्रत्यक्षात काहीच बदललं नव्हतं. लस मान्य झाली, पण ज्या देशांची प्रमाणपत्रं मान्य त्या यादीत भारत नव्हताच. वाद लसीचा नव्हता याचा याहून स्वच्छ पुरावा दुसरा नाही. त्यांनी लस मान्य केली आणि माणूस आहे तिथेच राहिला.

आणखी एक गोष्ट त्या गदारोळात निसटली. ४ ऑक्टोबरच्या नियमांनी भारतीयांवर नवं ओझं टाकलं नव्हतं. ८ ऑगस्टपासूनच भारतात लस घेतलेला माणूस ब्रिटनमध्ये ‘लस न घेतलेला’ धरला जात होता, आणि दहा दिवसांचं विलगीकरण व दोन चाचण्या चालूच होत्या. नव्या नियमांनी दार इतरांसाठी मोठं केलं आणि भारत बाहेर राहिला. आधी बाहेर आपण एकटे नव्हतो म्हणून डाचत नव्हतं.

सही खरी, सुई खोटी

प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा म्हणजे कशावर ठेवायचा, या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईतच मिळालं होतं. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात लसीकरणाचं शिबिर झालं. ३९० रहिवाशांनी पैसे भरून कोविशील्ड घेतली. नंतर त्यांना प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची, आणि त्या रुग्णालयांनी कानावर हात ठेवले. तपासात अशी आणखी शिबिरं निघाली. मुंबईत दोन हजारांवर लोक फसले, असं राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं.

यातली गोम पाहा. प्रमाणपत्रं बनावट नव्हती. ती कोविनवरूनच निघाली होती, क्यूआर कोड स्कॅन केला तर हिरवी खूण आली असती. खोटं होतं ते सुईच्या टोकाला. डिजिटल सही एवढंच सांगते की हा कागद अमुक यंत्रणेने दिला आणि मध्ये कुणी खाडाखोड केली नाही. दंडात काय गेलं ते ती सांगू शकत नाही. ते सांगतो एक माणूस, त्या टेबलावर बसलेला, नोंद करणारा. देशोदेशी शेवटी विश्वास ठेवतात तो त्या अनोळखी माणसावर आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या सरकारवर.

कोविनविरुद्ध हा मुद्दा आहे असं मात्र समजू नका. ब्रिटनच्या ॲपलाही हेच लागू. कांदिवलीतला प्रकार रहिवाशांच्या तक्रारीवरून काही आठवड्यांत उघडकीला आला, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या.

पिवळं कार्ड का चालतं

आफ्रिकेत कामाला जाणाऱ्या मराठी माणसाला हे सगळं वाचून आश्चर्य वाटेल, कारण त्याच्याकडे लसीच्या दाखल्याचा असा कागद आहे ज्यावर कुणी वाद घालत नाही. पीतज्वराचं पिवळं कार्ड. क्यूआर नाही, डिजिटल सही नाही. हाताने लिहिलेलं, शिक्का मारलेलं. केनिया किंवा नायजेरियाहून परतणाऱ्याकडे ते नसेल तर आपल्याच विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. आणि असेल तर जाऊ देतात.

कागद इतका साधा असून चालतो कारण त्याच्यामागे करार आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५. त्याच्या सहाव्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे, रकान्यांसह. सातव्यात पीतज्वराचे नियम आहेत: लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली हवी, ती ठरवून दिलेल्या केंद्रावर घेतलेली हवी, दहा दिवसांनी ती ग्राह्य होते, आणि असं कार्ड असलेल्याला संशयित मानायचं नाही. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. आधी दहा वर्षं चालायचं. देशाला वाटलं म्हणून आज बार्बाडोसचं कार्ड घ्यायचं आणि भारताचं नाकारायचं, ही सोयच त्यात नाही.

त्या परिशिष्टात लसीच्या अटीसाठी नाव घेऊन दिलेला रोग एकच, पीतज्वर. कोविड त्यात नव्हता. इतकंच नाही, प्रवेशासाठी लसीची अट घालू नका असाच जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ च्या सुरुवातीचा सल्ला होता, कारण लसच जगात सारखी वाटली गेली नव्हती. देशांनी सल्ला ऐकला नाही. अट तर घातली, पण अटीमागचा करार केला नाही. मग प्रत्येकाने आपापली यादी, आपापला नमुना. युरोपीय संघाचं डिजिटल प्रमाणपत्र १ जुलै २०२१ रोजी सुरू झालं तेव्हाही कोविशील्ड त्याच्या सामाईक यादीत नव्हती. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्पेन, ग्रीस, आयर्लंड अशा देशांनी एकेकट्याने ती मान्य केली. एकाच संघात सीमेच्या अलीकडे लसवान, पलीकडे लसहीन. ऑगस्टमध्ये सीरमच्या अदर पूनावालांनी अशा देशांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विलगीकरणाच्या खर्चासाठी दहा कोटी रुपये बाजूला काढल्याचं जाहीर केलं. लस बनवणाऱ्याने लस घेतलेल्याला, लस घेतली नाही असं धरलं गेलं म्हणून भरपाई द्यायची. असा व्यवहार औषधांच्या इतिहासात फार वेळा झाला नसावा.

चौघांचा हिशेब

नियम वाचून अंगावर येत नाहीत, हिशेब केला की येतात. समजा पुण्याचे चार विद्यार्थी लंडनला निघाले आहेत. पहिल्या तिघांचे कोविशील्डचे दोन्ही डोस होऊन महिना झाला आहे, चौथीने कोव्हॅक्सिन घेतली आहे.

पहिला २ ऑक्टोबरला उतरला, दुसरी ६ ऑक्टोबरला. दोघांची गत एकच. निघण्याआधी तीन दिवसांत चाचणी. अहवाल इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये असला पाहिजे. प्रवासी माहितीचा अर्ज, आणि त्यात दुसऱ्या व आठव्या दिवसाच्या पीसीआर चाचण्या आगाऊ विकत घेतल्याचा क्रमांक. उतरल्याचा दिवस शून्य धरायचा, त्यामुळे दहा दिवसांचे खोलीतले अकरा होतात. त्या दोन चाचण्यांचे सरकारी आरोग्यसेवेच्या दराने १३६ पाउंड. महाराष्ट्रात त्या वेळी संकलन केंद्रावर जाऊन आरटी-पीसीआर केली तर सरकारने बांधून दिलेला दर होता ५०० रुपये, घरी बोलावलं तर ८००. पाचव्या दिवशी आणखी एक चाचणी स्वतःच्या पैशाने केली आणि निगेटिव्ह आली तर इंग्लंडमध्ये लवकर सुटका होती. म्हणजे अलगपणही विकत सोडवता येत होतं.

खर्चापेक्षा वाईट काय, तर वेळ. वसतिगृहाची नवी खोली, किराणा आणायला खाली जाता येत नाही, पहिल्या आठवड्याची ओळखपाळख बाहेर चाललेली. सोबत नेलेले थालीपीठाच्या भाजणीचे आणि मेतकुटाचे डबे अशा वेळी कामी येतात, पण गॅस सामाईक स्वयंपाकघरात.

तिसरा १२ ऑक्टोबरला उतरला. त्याने निघताना चाचणी केली नाही. दुसऱ्या दिवसाची एकच चाचणी, ६८ पाउंड. बाकी तो मोकळा. सहा दिवसांत विषाणू बदलला नव्हता, लस बदलली नव्हती, त्याच्या रक्तातली प्रतिपिंडंही बदलली नव्हती.

चौथीकडे शेवटी येऊ.

जशास तसं

त्या सहा दिवसांत बदललं ते लंडनचं धोरण. त्याआधी सप्टेंबरमध्येच दिल्लीने आवाज चढवला होता. परराष्ट्र सचिव हर्षवर्धन श्रृंगला यांनी ब्रिटनच्या नियमाला उघडपणे भेदभावाचा म्हटलं आणि आपल्यालाही तसंच वागायचा हक्क आहे असं बजावलं. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनच्या नव्या परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांच्यापुढे विषय काढला. दरम्यान कोविनने सप्टेंबरच्या अखेरीस परदेशी जाणाऱ्यांसाठी पासपोर्टप्रमाणे पूर्ण जन्मतारीख घालायची सोय आणली. हे मला महत्त्वाचं वाटतं. एकीकडे शब्द चढत होते आणि दुसरीकडे कुणीतरी निमूटपणे एक रकाना वाढवत होतं.

१ ऑक्टोबरला भारताने जाहीर केलं: ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांनी, लस घेतली असो वा नसो, निघण्याआधी ७२ तासांत आरटी-पीसीआर, विमानतळावर दुसरी, आठव्या दिवशी तिसरी करायची आणि दहा दिवस विलगीकरणात राहायचं.

साथरोगशास्त्राच्या नजरेने हा आदेश अर्थहीन होता. विषाणू पासपोर्ट बघत नाही; लंडनहून एकाच विमानात शेजारी बसून आलेल्या ब्रिटिश आणि भारतीय नागरिकांना तो वेगळं वागवणार नाही. पण आदेश साथीसाठी नव्हताच, समोरच्याला त्याचंच औषध चाखवण्यासाठी होता. आणि त्याची झळ लागली ती बरीचशी आपल्याच माणसांना. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेली, पण आईवडील अजून डोंबिवलीत किंवा साताऱ्यात असलेली मंडळी दीड-दोन वर्षांनी दसऱ्या-दिवाळीला येण्याच्या बेतात होती. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. तिथे तीन पिढ्या नांदताहेत, त्यांतल्या दोघींचा तरी पासपोर्ट निळा किंवा तांबडा ब्रिटिश. त्यांनी सुट्टी मोजून घेतलेली, आणि तिच्यातले दहा दिवस खोलीत.

खेळाचं तर त्रांगडंच झालं. ४ ऑक्टोबरला इंग्लंडच्या हॉकी संघटनेने भुवनेश्वरच्या कनिष्ठ विश्वचषकातून माघार घेतली, त्यात भारताच्या दहा दिवसांच्या विलगीकरणाचं कारण होतं. दुसऱ्याच दिवशी हॉकी इंडियाने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतून अंग काढून घेतलं आणि ब्रिटनच्या भेदभावाकडे बोट दाखवलं. आशियाई स्पर्धा जवळ आल्याचंही कारण त्यांनी जोडलं होतं, पण त्या आठवड्यात ते कुणाला ऐकू आलं नाही. बर्मिंगहॅमची स्पर्धा दहा महिन्यांनी होणार होती.

७ ऑक्टोबरला, आपल्याकडे घटस्थापना होती त्या दिवशी, ब्रिटनने जाहीर केलं की ११ ऑक्टोबरपासून कोविशील्ड किंवा ब्रिटनने मान्य केलेली अन्य लस पूर्ण घेतलेल्या भारतीयांना विलगीकरण नाही. १३ ऑक्टोबरला भारताने आपला आदेश मागे घेतला आणि १७ फेब्रुवारीची जुनी नियमावली परत लागू केली. दसरा होता १५ तारखेला. ज्यांनी तिकिटं रद्द केली नव्हती त्यांना सोनं लुटायला मिळालं.

भारताच्या दणक्याने ब्रिटन नमलं का? तारखा बघून तसंच वाटतं, आणि दणक्याचा वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण ब्रिटनने ७ तारखेला भारतासोबत इतरही तीसहून जास्त देशांची प्रमाणपत्रं मान्य केली, आणि त्यांतल्या कुणी त्याच्यावर उलटा नियम लादला म्हणून गाजलं नव्हतं. यादी वाढणारच होती. दणक्याने भारताचं नाव वाढणाऱ्या यादीत वेळेवर आलं, आणि जन्मतारखेच्या रकान्याने ते नाव घालायला समोरच्याला कारण दिलं. नुसत्या रागाने काम झालं नसतं, नुसत्या रकान्यानेही बहुधा रेंगाळलं असतं.

हॉकीचं सांगायचं राहिलं. इंग्लंडचा संघ भुवनेश्वरला आलाच नाही. भारताने मात्र विचार बदलला, बर्मिंगहॅमला संघ पाठवले. पुरुषांनी रौप्य आणलं, महिलांनी कांस्य.

आता चौथी विद्यार्थिनी. तिने घेतलेली कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची, पूर्ण देशी. तिच्या केंद्रावर त्या दिवशी जी लस होती ती तिने घेतली. निवड अशी नव्हतीच. तिच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख असो वा नसो, लसच यादीत नव्हती. दिल्लीचा सगळा आवेश कोविशील्डसाठी होता. ११ ऑक्टोबरचा विजय तिच्या वाट्याला आला नाही. दोन डोस कोव्हॅक्सिनचे झालेत, आता कोविशील्ड द्या, अशी मागणी ऑक्टोबरच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने तसा आदेश द्यायला नकार दिला. लोकांच्या जिवाशी खेळता येणार नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्णयाची वाट बघा, असा सूर होता. ३ नोव्हेंबरला संघटनेने कोव्हॅक्सिन यादीत घेतली. ८ नोव्हेंबरपासून तिच्या आधारावर अमेरिकेत जाता येऊ लागलं. ब्रिटनने २२ नोव्हेंबरच्या पहाटे ४ वाजल्यापासून तिला मान्यता दिली, चीनच्या सिनोव्हॅक आणि सिनोफार्मसोबत एकाच घोषणेत. सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झालेलं विद्यापीठाचं सत्र तोवर संपत आलं होतं.